गाण्याच्या डब्याला गॅरंटी नसते

माझ्या घरात एक गाण्याचा डबा आहे. त्यात सध्या माझी बायको दादर ठेवते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. डब्याला पुढून काच आहे, त्यामुळे ज्वारी किती उरली ते दार न उघडता कळतं आणि बायको या सोयीवर भलतीच खूश आहे. पाहुण्यांना दाखवते आणि वर म्हणते, "इनके धंदे की येच एक चीज काम की निकली." बोलायला तोंड आहे कुठे?

उंदीर मात्र या डब्यात शिरू शकत नाही. पंख्याचं भोक, वायरींची भोकं, मागची फट, सगळीकडे मी बारीक जाळी ठोकली आहे. आता ठोकली आहे. ठोकायची तेव्हा डबा माझ्याकडे नव्हता.

अंकवाल्या मंडळींनी सांगितलं, युसूफ मिस्तरी, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसलो की हात त्या एकाच डब्याकडे जातो. तेव्हा सुरुवातीला जेवढं हसता येईल तेवढं हसून घ्या.

माझं दुकान शहाद्याला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, असं जे बिघडत गेलं ते मी उघडत गेलो. दुकानावर नावाची पाटी नाही, पण आत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: कामाची गॅरंटी मिळणार नाही. गिऱ्हाईक ती पाटी वाचतं आणि तरीही विचारतं, "मिस्तरी, गॅरंटी काय?" मग मी सांगतो, "मन्हीच गॅरंटी नही शे भो, मशीननी कशी देऊ?" लोक हसतात आणि मशीन ठेवून जातात. आमच्या भागातली लाईट कधी जाईल आणि येताना केवढा झटका घेऊन येईल, हे ज्याला माहीत आहे तो मिस्तरी गॅरंटीच्या फंदात पडत नाही.

हे गाण्याचे डबे मूळचे आपल्याकडचे नव्हेत. सुरत-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ते भिंतीला लावलेले असत. रंगीत दिवे, काचेवर गाण्यांची यादी, फटीत नाणं टाकायचं, काचेवर बोट ठेवायचं, गाणं सुरू. ज्यूकबॉक्स त्याचं खरं नाव. पुढे जो तो खिशात फोन घेऊन फिरायला लागला, तेव्हा नाणं टाकून गाणं कोण ऐकणार? हॉटेलांनी डबे काढले आणि ते भंगारात आले. सुरतेचा एक कबाडी माझ्या ओळखीचा. त्याने एकदा फोन केला, "युसूफभाई, टीव्ही है कि कॉम्प्युटर है, मेरेकू समझता नहीं. आके देखो." मी गेलो, पाठीमागचं झाकण उघडलं आणि मला हसूच आलं. वरून एवढा थाट आणि आत साधा कॉम्प्युटर! एक मदरबोर्ड, एक हार्डडिस्क, एक अँप्लिफायर, एक पंखा. बाहेरून नवरदेव आणि आतून तुमच्या-आमच्यासारखाच माणूस.

आमचं काम काय, तर मेलेल्या डब्याला दुसरा जन्म द्यायचा. डबा ठेवायचा, काच ठेवायची, स्पीकर ठेवायचे. आतला कंपनीचा बोर्ड मात्र काढून टाकायचा, कारण त्याला कंपनीचं कुलूप असतं. त्या डिस्कवरची गाणी त्या जातीच्या बोर्डावरच वाजतात. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही, नुसता कचरा. गाणी कुणी चोरू नयेत म्हणून कंपनीने केलेली सोय. म्हणून आम्ही साधा बोर्ड बसवायचो, अहिराणी गाणी, लग्नाची गाणी, भजनं भरायचो, नाण्याच्या फटीत आपली नाणी जातील अशी कानस मारायचो आणि डबा रस्त्यावरच्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलांत लावायचो. सरकारने नाण्याचा आकार बदलला की तालुक्यातले सगळे डबे एका दिवसात मुके. मग मी कानस घेऊन गावोगाव.

म्हसावदला आप्पांच्या हॉटेलात असा एक डबा होता. उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर रोज यायचा आणि एकच गाणं लावायचा. चहा होईपर्यंत तेच, भजी होईपर्यंत तेच. आप्पा वैतागले. म्हणाले, "मिस्तरी, ते गानं काढी टाका. मन्हं डोकं उठनं." मी यादीतून काढलं. दोन-चार दिवसांनी तो ड्रायव्हर माझ्या दुकानात आला. भांडला नाही, काही नाही. टेबलावर एक नाणं ठेवलं आणि म्हणाला, "सापडनं का लावी दिज्यात." आणि निघून गेला. मी त्याच दिवशी म्हसावदला जाऊन गाणं परत भरलं. आप्पांनी मला त्यांच्या घरातल्या सगळ्या मेलेल्या माणसांची नावं घेऊन शिव्या दिल्या.

धानोऱ्याची गंमत वेगळी. तिथल्या भजनी मंडळाच्या नानांनी देवळासाठी डबा घेतला. त्यांना आपल्या मंडळाची भजनं स्वतः माईकवर म्हणून भरायची होती. सुरतेहून आलेल्या मालात अशा जातीचे दोनच डबे होते, ज्यांत माईकची सोय होती. मुंबईकडे लोक पिऊन त्यावर गात असत म्हणे. ती सोय कंपनीच्याच बोर्डात होती, म्हणून त्या दोन डब्यांतले कंपनीचे बोर्ड मी काढले नाहीत. एक डबा धानोऱ्याच्या देवळात गेला. दुसरा कुठे गेला ते पुढे सांगतो.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. "मिस्तरी, डबा हट्टले पेटी गया. दिनभर एकच भजन म्हनस. दुसरं आयकतच नही." मी गेलो. पाहतो तर काय, दसऱ्याला शस्त्रपूजा-यंत्रपूजा करताना पुजाऱ्याने काचेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं झकास स्वस्तिक काढलेलं. आता या काचेची गोष्ट अशी की तिच्यावरून न दिसणाऱ्या लहरी धावत असतात. आपलं बोट टेकलं की लहर तिथे अडते आणि मशीनला कळतं, इथे बोट आहे. पण मशीनला बोट काय आणि कुंकू काय! पहिल्या भजनाच्या नावावर तेलकट कुंकवाचा ठिपका बसला होता. डब्याला वाटत होतं, कुणीतरी भक्त कालपासून बोट दाबून उभा आहे. मी पुसायला फडकं काढलं तसे नाना मधे पडले. देवाला लावलेलं कुंकू पुसायचं नाही. मग बराच वेळ वाद. शेवटी नानांनी स्वतः देवाची माफी मागून ते कुंकू बोटाने काढून स्वतःच्या कपाळाला लावलं. मला म्हणाले, "तुमले लावू का?" मी म्हटलं, "नाना, माझ्यावर पण दिवसभर एकच भजन चालू होईल." ते असे हसले की खाली बसले.

इथवर गमती. आता दुसऱ्या डब्याची गोष्ट.

तो कळसाडीला गेला. कळसाडीच्या फाट्यावर जिभाऊंचं छोटं हॉटेल होतं. नाव वेगळं, पण सगळा गाव त्यांना जिभाऊच म्हणतो, मीही म्हणतो. मागे थोडी शेती, कापूस आणि ऊस. बायको लीलाभाभी. एकच मुलगी, कल्पना. शहाद्याला कॉलेजात होती. येता-जाता बसस्टँडवर दिसली की लांबूनच "काका" म्हणून हाक मारायची, मैत्रिणींसमोर लाजायची नाही.

पण गायला लाजायची. आणि गळा कसा, काय सांगू! आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे लावतात, नथ घालतात, नवं वस्त्र नेसवतात, घरातल्या बाया गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिला नदीवर पोहोचवतात. खान्देशात दिवाळीला न येणारा माणूस कानबाईला घरी येतो. ही गाणी कल्पना तिच्या आजीकडून शिकली होती. भिंतीआड बसून म्हणायची. समोर कुणी आलं की गप्प. मैत्रिणींनी फोनवर भरायचा प्रयत्न केला तर त्यांचे फोन हिसकावून घ्यायची. तिची भीती एकच होती, फोनवरचं गाणं कुणाच्याही हातात जातं, ग्रुपवर फिरतं, माणसं नावं ठेवतात.

एका वर्षी कानबाईच्या दिवशी हॉटेल बंद होतं आणि मी डब्याचा स्पीकर बदलायला गेलो होतो. लीलाभाभी पोरीच्या मागे लागल्या होत्या, एकदा तरी डब्यात म्हण. कल्पना माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "काका, आठून भाईर तं नही ना जाई?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हा फोन नव्हे. याला कंपनीचं कुलूप आहे. यात भरलेलं याच्यातच राहतं, कुणी डिस्क काढून नेली तरी त्याला काही सापडणार नाही. पोरगी ऐकत होती पण तिचा विश्वास बसेना. मग मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "नही जाई बेटा. मन्ही गॅरंटी."

ती हसली. माझ्या दुकानातली पाटी तिने वाचलेली होती.

मायलेकींना आत ठेवून मी बाहेर पडलो, दार लावून घेतलं. बाहेर बाकावर मी आणि जिभाऊ बसलो होतो. आतून काही नीट ऐकू आलं नाही. मला तिचं गाणं पूर्ण ऐकायला मिळालं नाही ते नाहीच.

पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली. आधी गावात झाडपाल्याचं औषध, मग शहाद्याला, मग सुरतेला. तिथून जी गाडी परत आली तिच्यात जिभाऊ पुढे बसले होते आणि मागे त्या दोघी मायलेकी. मी कल्पनाच्या मातीला गेलो होतो. जिभाऊ मला बघून एवढंच म्हणाले, "हॉटेल बंद करस आते." आणि केलं.

डबा त्यांनी घरी नेला. वर्षभर त्यावर चादर असायची. फक्त कानबाईच्या दिवशी चादर काढायची, देवीसमोर डबा ठेवायचा आणि कल्पनाचं गाणं लावायचं. एकदाच. मग परत चादर. भावकीतल्या बाया सांगत, ते गाणं सुरू झालं की बाकी कुणी तोंड उघडत नसे. लीलाभाभी वर्षाचे बाकीचे दिवस त्या एका दिवसावर काढत होत्या, असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही.

मी जिभाऊंना एकदा सांगितलं होतं. म्हटलं, कुलूप आहे म्हणून डिस्कची नक्कल होणार नाही, पण डब्याच्या स्पीकरला वायर जोडून वाजताना आवाज दुसरीकडे भरून घेता येईल. अर्ध्या तासाचं काम. मशीन आहे, मशीनचा काय भरोसा? जिभाऊंना पटलं. पण लीलाभाभींनी मान हलवली. "नको, युसूफभाऊ. पोरले तुम्हीन शबद दियेल शे. भाईर नही जाई म्हनी."

शब्द माझाच होता.

मग ते वर्ष आलं. कापसाला भाव नव्हता आणि ज्याने त्याने कापूस घरात भरून ठेवला होता. ज्याने कापसाचं गाव पाहिलं नाही त्याला सांगतो, पुढची खोली जमिनीपासून छतापर्यंत पांढरी असते, माणसं कडेकडेने अंग चोरून आत जातात. जिभाऊंच्या घरी डबा ठेवायला जागा राहिली नाही. तेव्हा लीलाभाभींनी काय केलं, कापसाच्या त्या गंजीत मधोमध खड्डा केला आणि त्यात तो डबा निजवला. वरून परत कापूस. कुणाचा धक्का लागू नये, काचेला ओरखडा येऊ नये, म्हणून. काचेच्या बांगड्या, देवाच्या मूर्ती, आमच्याकडे बाया असंच करतात. आईने ठेवायचं म्हटलं तर घरात याहून चांगली जागा कोणती?

पण कापसात सरकी असते. आणि सरकी उंदराला फार आवडते.

श्रावणात कापूस विकला गेला आणि कानबाईच्या आधी त्यांनी डबा बाहेर काढला. पुसला. बटण दाबलं. सकाळी सकाळी जिभाऊंचा फोन आला, "मिस्तरी, डबामायीन धूर निंघना." मागून लीलाभाभींचा आवाज येत होता, पण त्या काय बोलत होत्या ते कळत नव्हतं.

छोट्या टेम्पोत गोधडीवर घालून ते दोघं डबा घेऊन आले. मी मागचं झाकण उघडलं आणि लगेच वाटलं, हे झाकण यांच्यासमोर उघडायला नको होतं. आत उंदरांनी घर केलं होतं. कापूस, सरकीची टरफलं, कुरतडलेल्या वायरी. पंख्याच्या भोकातून शिरले होते. वायरी कुरतडल्या तर मी नव्या टाकतो, त्याचं काही नाही. पण उंदराचं मूत बोर्डावर पडलं की तांब्याच्या रेघा हिरव्या होतात आणि विरघळून जातात. सगळा मदरबोर्ड हिरवा झाला होता. जिथे कंपनीचं कुलूप असतं तिथे तर नुसता लगदा. त्यात वर लाईट दिलेली.

लीलाभाभी झाकणाकडे बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "कापूसमा ठेवेल व्हता, भाऊ. कापूसथून मऊ घरमा दुसरं काय शे, सांगा."

मी म्हटलं, "काही नाही, भाभी. तुम्ही बरोबर केलं." जिभाऊ दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले आणि उगाच रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

"तिना आवाज शे ना मझार?" भाभींनी विचारलं.

मी डिस्क हातात घेतली. तिच्या पाठीवरची छोटी पट्टीही अर्धी हिरवी झाली होती. मी खरं ते सांगितलं. आवाज आत असेल. पण दोन गोष्टी लागतील. एक, ही डिस्क फिरली पाहिजे. दोन, याच जातीचा बोर्ड पाहिजे, नाहीतर डिस्क फिरूनही कुलूप उघडणार नाही.

बोर्डासाठी मी सुरतेच्या कबाड्याला विचारलं, नवापूर-तळोद्याच्या ओळखीच्या मिस्तऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, ते बोर्ड कोण ठेवतो? खरंच होतं. आमच्या धंद्यात सगळं जपून ठेवतात, मोडका स्क्रूसुद्धा. फेकतात ती एकच चीज, कंपनीचा बोर्ड. आणि आता मला नेमका तोच हवा होता.

राहिलं धानोऱ्याचं देऊळ. मी नानांकडे गेलो. त्यांचा डबा ठणठणीत चालू होता, मंडळाचं भजन लागलेलं होतं. चांगल्या चालत्या मशीनचं काळीज मागायचं म्हणजे तोंड कसं उघडावं तेच कळेना. सगळी गोष्ट सांगितली. नाना ऐकत राहिले, मग उठून स्वतः डब्याचं बटण बंद केलं. "कानबाईनं काम शे ना? लई जा. देव चार दिन मुका ऱ्हाई." मी म्हटलं, "नाना, परत मिळेल याची गॅरंटी नाही." ते म्हणाले, "ती पाटी आम्हले पाठ शे."

मग डिस्क. भिंगाखाली धरून तिच्या पाठीवरची पट्टी थिनरने आणि मऊ ब्रशने धुतली. जिथे तांब्याची रेघ गेली होती तिथे केसासारखी तार टाकून टाके मारले. या वयात हात थोडा थरथरतो, म्हणून श्वास सोडला की टाका मारायचा, श्वास घेताना थांबायचं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं कुठलं काम केलं असेल असं वाटत नाही. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली आणि तिसऱ्यांदा ताट दुकानात ठेवून गेली.

लाईट दिली. डिस्क फिरली! पण फिरताना आतून टक… टक… असा आवाज यायला लागला. हा आवाज ज्या मिस्तरीला माहीत आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. आतली सुई तबकडीवर आपटते आहे. असली डिस्क एकदा चालेल, फार तर दोनदा. आणि प्रत्येक वेळी जे वाचेल त्याच्याबरोबर थोडं खरवडूनही टाकेल. मी ताबडतोब बंद केली.

जिभाऊंना फोन करून सांगितलं, एकदाच फिरेल असं धरून चाला. मी वायर जोडून ठेवली आहे, वाजलं की आवाज फोनमध्ये भरून घेतो, आता नाही म्हणू नका. जिभाऊंनी फोन भाभींकडे दिला. त्या म्हणाल्या, "भरी ल्या. पन मन्हाबिगर चालू करू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. भाभी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. कानबाईला नेसतात तसं. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला थोडा वेळ मशीन बंद ठेवायला सांगितलं. फोनवर आवाज भरणं सुरू केलं. बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

धानोऱ्याच्या देवळाचा बोर्ड, कळसाडीची डिस्क. काच उजळली. यादी आली. वर-खाली सरकवली आणि शेवटी नाव दिसलं, मीच त्या दिवशी टाकलेलं: कल्पना, कानबाई. जिभाऊंच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. मी भाभींना म्हटलं, "भाभी, तुम्ही दाबा."

त्यांनी पदराने बोट पुसलं आणि नावावर ठेवलं.

टक… टक… आणि मग डब्यातून आवाज आला. स्वच्छ, अगदी शेजारी बसून कुणी बोलावं तसा.

"म्हन वं माय. आठे कोन्ही नही शे. लाजू नको."

मग कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज.

मग टक. टक. टक. टक. काच निळी झाली आणि मग काळी. मी बटण बंद केलं, चालू केलं. बंद केलं, चालू केलं. डिस्क एका बाजूला झुकवून पाहिली, थंड करून पाहिली, जे जे म्हणून मला येतं ते सगळं केलं. तबकडी फिरायचीच थांबली. आत चंदेरी पूड झाली असणार. ते कुठलाही मिस्तरी परत जोडू शकत नाही, इथला नाही आणि मुंबईचाही नाही.

लीलाभाभी वाट बघत होत्या. त्यांना वाटत होतं, अजून व्हायचं आहे. माझे हात थांबले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हाऊ ते मन्हा आवाज शे," त्या म्हणाल्या. "तिना कोठे शे?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी म्हटलं, "मझार शे, भाभी."

"मंग काढा ना भाईर."

जिभाऊ उठले. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. पन्नाशी ओलांडलेला शेतकरी माणूस चारचौघांत बायकोला हात लावत नाही, पण त्यांनी ठेवला. भाभी उठल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून डिस्क घेतली आणि कानाला लावली. बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी शटर वर केलं नाही.

माझ्या फोनमध्ये ते भरलं गेलं होतं. भाभींचं ते वाक्य आणि तो श्वास. मी विचारलं, देऊ का. त्या म्हणाल्या, "मन्हा आवाज ऱ्हायना काय नि नही ऱ्हायना काय." मी ते पुसलेलं नाही. पुष्कळदा ऐकतो. तो श्वास गायच्या आधी पोरीने घेतलेला की आईने सोडलेला, इतक्या वेळा ऐकूनही मला ठरवता आलेलं नाही.

नानांचा बोर्ड मी परत नेऊन बसवला. नानांनी विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, नाही. त्यांनी भजन लावलं नाही, मी निघेपर्यंत.

डिस्क भाभींनी पदरात बांधून नेली. कानबाईला देवीपुढे ठेवतात म्हणे. गाणी मात्र त्या घरात आता कुणी सुरू करत नाही. कानबाई मुकीच बसते आणि मुकीच नदीवर जाते. डबा त्यांनी नेला नाही. मी पोहोचवायला निघालो तेव्हा जिभाऊ फोनवर म्हणाले, "आठे आनू नका. पन रिकामा बी ठेवू नका, मिस्तरी. काही तरी भरा त्यामा." म्हणून त्यात ज्वारी आहे.

दुकान आता मी अर्धा दिवस उघडतो. कुणी फोनची काच बदलायला येतं, कुणी रिमोट घेऊन येतं. पाटी आहे तिथेच आहे आणि नवं गिऱ्हाईक अजूनही तीच चौकशी करतं. मी तेच उत्तर देतो, पण त्यावर हसणं आता मला जमत नाही. इतकी वर्षं शेकडो मशीनं हाताखालून गेली, एकाचीही गॅरंटी मी दिली नाही. आयुष्यात दिली ती एकदाच, एका पोरीला, की तुझा आवाज या डब्यातून बाहेर जाणार नाही.

तेवढी एक गॅरंटी माझी खरी निघाली.